होकायंत्राचा दिक्पात आणि गोवा

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते असं शाळेत शिकवतात, पण ती दाखवते चुंबकीय उत्तर, आणि ही उत्तर नि नकाशावरची खरी उत्तर यांच्यात जो कोन पडतो त्याला म्हणायचं दिक्पात. गोव्यात सध्या तो पश्चिमेकडे जेमतेम एक अंशाच्या आसपास आहे. एवढ्याशाने काय होतंय असं वाटेल, पण एक अंश चुकवून 60 सागरी मैल गेलात की होडी साधारण मैलभर बाजूला, आणि काळोखात खडकांजवळ मैलभर म्हणजे लय झालं.

यात गोव्याचा जुना संबंध आहे. 1538 साली जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून गोव्याला यायला निघाला तेव्हा वाटेत जमेल तिथे सूर्याची सावली सकाळी आणि दुपारनंतर मोजून सुई किती चुकतेय ते लिहीत आला. दिक्पातावरून रेखांश काढता येतो असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, याच्या आकड्यांनी ते खोटं ठरवलं. मोझांबिकजवळ सुई भलतीच फिरली तर कारण निघालं जवळची लोखंडी तोफ! पुढे हाच माणूस गोव्याचा गव्हर्नर झाला आणि 1548 मध्ये इथेच वारला.

तोफेचा प्रकार आजही बघायचा असेल तर मालीमच्या जेटीवर फोनमधला कंपास उघडा आणि ट्रॉलरच्या पत्र्याजवळ न्या, सुई लगेच वेडीवाकडी होते. हे मात्र दिक्पात नव्हे, जहाजाच्या स्वतःच्या लोखंडाची चूक, ती वेगळी धरावी लागते (लोक दोन्ही एकच समजतात).

दिक्पात बदलत राहतो हे 1630 च्या दशकात लंडनमध्ये कळलं. जमिनीखाली सुमारे 2900 किमीवर वितळलेलं लोखंड ढवळतंय, त्यातून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मग ते स्थिर कसं राहणार. 1831 मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये सापडलेला उत्तर चुंबकीय ध्रुव आता सायबेरियाकडे निघालाय, मधे तर वर्षाला 50 किमीच्या वर पळत होता. म्हणून जागतिक चुंबकीय मॉडेल, जे कुठे दिक्पात किती ते सांगतं आणि दर 5 वर्षांनी नवं निघतं, 2019 मध्ये वेळेआधीच सुधारावं लागलं.

जीपीएस या सगळ्यावर चालत नाही, तो उपग्रहांवर. पण फोन कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे त्यातला चुंबकीय सेन्सरच सांगतो, आणि धावपट्टीचे नंबरही चुंबकीय दिशेवरून पडतात, दाबोळी विमानतळाचा 08-26 तसाच, म्हणजे साधारण 80 आणि 260 अंश.