रॉथशिल्ड एक नाही, दोन आहेत: पॅरिसची पेढी आणि जिनिव्हाची पेढी

फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ राजकारणात येण्यापूर्वी, 2008 ते 2012 या काळात, ‘रॉथशिल्ड’मध्ये बँकर होते. आणि 2024 मध्ये एकट्या खलाशाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत ज्या अवाढव्य नौकेने जिंकली, तिच्यावरही ‘रॉथशिल्ड’ हेच नाव होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त रॉथशिल्ड वेगवेगळे. माक्राँ होते ते पॅरिस-लंडनच्या ‘रॉथशिल्ड अँड को’मध्ये. नौका आहे जिनिव्हाच्या ‘एदमाँ द रॉथशिल्ड’ समूहाची. मालक वेगळे, कारभार वेगळा, आणि मुख्य म्हणजे कमाईची रीत वेगळी. एवढंच काय, नुसतं ‘रॉथशिल्ड’ नाव लावणारी बँक आज या दोघांपैकी कुणाचीच नाही. तसं नाव लावायचं नाही, असा त्यांच्यात लेखी समझोता झालेला आहे. त्याकडे येतोच.

हे दुभंगलेपण समजायला आधी वंशावळ थोडी उलगडावी लागते. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या ज्यू वस्तीत मायर आम्शेल रॉथशिल्ड (1744–1812) नावाचा नाण्यांचा आणि हुंड्यांचा व्यापारी होता. त्याने पाच मुलांना युरोपभर पसरवलं: थोरला फ्रँकफर्टलाच राहिला, बाकीचे व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिसला स्थिरावले. घराण्याच्या चिन्हावरचे पाच बाण म्हणजे हे पाच भाऊ. लंडनच्या नेथनने नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेसाठी सोनं पुरवलं. ते त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडून विकत घेतलं होतं, आठ लाख पौंडांचं, अशी हकिकत त्यानेच पुढे सांगितली. त्यानंतर काही वर्षांतच, 1818 मध्ये, पेशवाई बुडवली ती याच कंपनीने.

पाचातल्या तीन पेढ्या काळाने संपवल्या. इटलीच्या एकीकरणानंतर 1863 मध्ये नेपल्सची पेढी बंद झाली, 1901 मध्ये मुलगा वारस नाही म्हणून फ्रँकफर्टची, आणि 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाची. उरल्या लंडन आणि पॅरिस. यांतल्या नेपल्सच्या पेढीकडे लक्ष ठेवा. ती बंद पडली नसती तर जिनिव्हाची बँक कदाचित उभीच राहिली नसती.

पाचांपैकी पॅरिसला गेलेल्या जेम्सनंतर तिथली पेढी त्याच्या तीन मुलांच्या पातींकडे आली: आल्फाँस, ग्युस्ताव आणि धाकटा एदमाँ. आजचे दोन समूह म्हणजे याच पाती. आल्फाँस आणि ग्युस्ताव यांचे वंशज लंडनच्या शाखेशी जोडले जाऊन ‘रॉथशिल्ड अँड को’ झाले, आणि धाकट्याची पाती ‘एदमाँ द रॉथशिल्ड’. (ग्युस्तावची मुलगी अलीन हिचं लग्न 1887 मध्ये एडवर्ड ससूनशी झालं. हा मुंबईत जन्मलेला डेव्हिड ससूनचा नातू. ज्याने ससून डॉक बांधला, त्या अल्बर्ट ससूनचा मुलगा. पुण्यातल्या ससून रुग्णालयाचं घराणं आणि पॅरिसचे रॉथशिल्ड असे व्याही झाले.)

धाकट्या एदमाँला पेढीपेक्षा कलासंग्रह आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वसाहती यांत रस जास्त. त्याचा मुलगा मॉरिस तर घराण्यातला उडाणटप्पूच समजला जाई. चुलतभावांशी त्याचं कधी जमलं नाही. पण त्याचं नशीब थोर. नेपल्सची पेढी मोडल्यावर तिथला शेवटचा मालक अडॉल्फ जिनिव्हाजवळ प्रेन्यी इथे सरोवराकाठच्या वाड्यात राहू लागला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची विधवा ज्यूली हिने 1907 मध्ये तो वाडा मॉरिसला दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात मॉरिस न्यूयॉर्कला गेला, तिथे जिनसांच्या सौद्यांत त्याने पुन्हा भरपूर पैसा केला, आणि 1957 मध्ये गेला तेव्हा सगळं एकुलत्या एका मुलासाठी ठेवून गेला. वाटणी नाही, भागीदार नाहीत. धाकट्या पातीची ताकद मला तरी यात दिसते. थोरल्या पातींमध्ये निर्णय नेहमी चार चुलतभावांच्या संमतीने, इथे एका माणसाच्या मर्जीने.

हा मुलगा म्हणजे दुसरा एदमाँ (1926–1997). नाव आजोबांचंच असल्यामुळे इथेही लोक गफलत करतात. वडिलांच्या हयातीतच, 1953 मध्ये, त्याने पॅरिसला स्वतःची वित्त कंपनी काढली. ती भांडवल गुंतवणारी कंपनी होती. 1961 मध्ये ‘क्लब मेड’ ही सहलींची कंपनी बुडायला आली होती, तिच्यात त्याने पैसे घातले आणि ती वाचली. 1965 मध्ये त्याने जिनिव्हातली ‘बाँक प्रिव्हे’ ही बँक विकत घेतली. म्हणजे जिनिव्हाची रॉथशिल्ड बँक अठराव्या शतकातली नाही. घराणं अडीचशे वर्षांचं, त्याच्या हातातली ही बँक साठेक वर्षांची. तिच्या पत्रकांत घराण्याची वर्षं मोजली जातात तेव्हा हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

थोरल्या पातींची गोष्ट जास्त खडतर आहे. पॅरिसची पेढी 1940 नंतर, जर्मनीपुढे फ्रान्सचा पाडाव झाल्यावर, पेताँ यांच्या नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारने जप्त केली. युद्धानंतर ती परत मिळाली, सर्वसामान्यांच्या ठेवी घेणारी बँक झाली, आणि 1982 मध्ये अध्यक्ष मित्राँ यांच्या समाजवादी सरकारने राष्ट्रीयीकरणाच्या लाटेत ती पुन्हा काढून घेतली. नावही पुसलं गेलं. तेव्हाचे कुटुंबप्रमुख गी द रॉथशिल्ड यांनी ‘ल मोंद’ दैनिकात संतापून लिहिलं की आपण पेताँच्या राज्यात ज्यू ठरलो आणि मित्राँच्या राज्यात बहिष्कृत. जिनिव्हाची बँक सरहद्दीपलीकडे असल्यामुळे तिला याची झळ लागली नाही.

गी यांचा मुलगा डेव्हिड आणि त्याचा चुलतभाऊ एरिक यांच्या हातात उरलं काय, तर ‘पॅरिस-ऑर्लेआँ’ नावाचं रिकामं टरफल. 1838 मध्ये स्थापन झालेली ही रेल्वे कंपनी. रेल्वे 1938 मध्ये सरकारजमा झाली, कंपनी मात्र नावापुरती शिल्लक राहिली होती. या टरफलात त्यांनी मूठभर माणसांनिशी नवी पेढी मांडली, आणि 1986 च्या सुमारास सरकार बदलल्यावर घराण्याचं नाव परत मिळवलं. ठेवी नव्हत्या, शाखा नव्हत्या, भांडवल थोडं. मग विकायचं काय? सल्ला. कुणी कंपनी घ्यायची, विकायची, जोडायची असेल तर किंमत किती, पैसा कुठून, बोलणी कशी, हे सांगायचं आणि फी घ्यायची. लंडनमध्ये एन. एम. रॉथशिल्ड हेच करत होती. थॅचर यांच्या काळात ब्रिटिश गॅससारख्या सरकारी कंपन्या विक्रीला काढण्यात तिचा हात होता. 2003 मध्ये लंडनच्या पेढीचे प्रमुख एव्हलिन यांनी सूत्रं डेव्हिडकडे दिली आणि दोन्ही पेढ्या ‘कॉन्कॉर्डिया’ या कौटुंबिक कंपनीखाली आल्या. लक्ष्मीपेक्षा चाणक्यावर चालणारी बँक म्हणा हवं तर.

आता मुख्य फरक. ‘रॉथशिल्ड अँड को’चं मोठं उत्पन्न येतं ते या सल्ल्याच्या फीमधून, आणि ती बहुतांशी सौदा पार पडला तरच मिळते. बाजार तेजीत असेल, कंपन्या एकमेकींना गिळत असतील, तर चांदी. मंदी आली की टेबलं ओस. ‘एदमाँ द रॉथशिल्ड’चा धंदा श्रीमंत घराण्यांची संपत्ती सांभाळण्याचा: शेअर, रोखे, जमीनजुमला, कर, वारसा, मुलांमधली वाटणी. दरवर्षी सांभाळलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्याने फी. ती हळू वाढते, पण ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या टिकला तर आटत नाही. असा सांभाळलेला पैसा दीडशे अब्ज स्विस फ्रँकांच्या पुढे आहे.

घोटाळा होतो तो यामुळे, की ‘रॉथशिल्ड अँड को’लाही ‘एदमाँ’च्या धंद्यात पाय हवा असतो. सौद्यांचं उत्पन्न चढउताराचं, म्हणून जोडीला स्थिर फी. लंडनच्या शाखेने 1968 मध्येच झुरिकला बँक काढली होती. 2017 मध्ये मार्सेयची ‘मार्तँ मोरेल’ ही धनिकांची बँक सामील करून घेतली, आणि 2021 मध्ये चक्क जिनिव्हातली ‘पारी बेर्त्राँ’. त्यामुळे आज जिनिव्हात दोन्ही रॉथशिल्ड एकाच प्रकारच्या ग्राहकाला भेटतात. बातमीत नुसतं ‘रॉथशिल्ड बँकेने धनिकांसाठी’ एवढंच असेल तर नाव पूर्ण वाचल्याशिवाय इलाज नाही.

नालस्तीतही जोडी सुटली नाही. अमेरिकी करचुकव्यांना मदत केल्याप्रकरणी 2015 मध्ये अनेक स्विस बँकांनी अमेरिकी न्यायखात्याशी तडजोड केली. त्यात झुरिकच्या रॉथशिल्डने सुमारे 1.15 कोटी डॉलर भरले, जिनिव्हाच्या रॉथशिल्डने सुमारे 4.5 कोटी. मलेशियाच्या ‘वन-एमडीबी’ सरकारी निधीची लूट ज्या खात्यांतून फिरली, त्या प्रकरणात 2017 मध्ये लक्झेंबर्गच्या नियामकाने ‘एदमाँ’च्या तिथल्या बँकेला जवळपास 90 लाख युरो दंड केला, आणि 2018 मध्ये स्विस नियामकाने झुरिकच्या ‘रॉथशिल्ड’ला फटकारलं. एकच घोटाळा, एकच आडनाव, दोन बँका, दोन देश. तेव्हा कुणी दोन्हींची बेरीज करून एकीच्या माथी मारली, तर नवल नाही.

भाऊबंदकी उघड्यावर आली ती 2015 मध्ये. ‘पॅरिस-ऑर्लेआँ’ने ते जुनं रेल्वेचं नाव टाकून ‘रॉथशिल्ड अँड को’ हे नाव घेतलं. जिनिव्हावाल्यांचं म्हणणं असं की आडनाव सगळ्या घराण्याचं, एका पातीने ते आपलंच म्हणून मिरवू नये. प्रकरण कोर्टात गेलं. जून 2018 मध्ये तडजोड झाली: नुसतं ‘रॉथशिल्ड’ कुणीच वापरायचं नाही, एकीने ‘अँड को’ लावायचं, दुसरीने ‘एदमाँ द’. शिवाय एकमेकांच्या कंपनीत असलेले थोडेफार शेअरही दोघांनी परत करून टाकले. गंमत म्हणजे याच काळात घराण्याच्या तीन पातींचा शॅम्पेनचा सामायिक धंदा सुरळीत चालू होता. त्यावर कुणी दावा लावला नाही.

दोघांनीही पुढे शेअर बाजाराला रामराम ठोकला. जिनिव्हाची बँक 2019 मध्ये बाहेर पडली, ‘रॉथशिल्ड अँड को’ 2023 मध्ये, सुमारे 3.7 अब्ज युरो किंमत धरून. फरक इथेही तोच जुना. पॅरिसकडे कॉन्कॉर्डियासोबत प्यूजो, दासो यांच्यासारखी दुसरी फ्रेंच घराणीही आली. कारभार 2018 पासून डेव्हिड यांचे चिरंजीव अलेक्झांडर पाहतात. जिनिव्हात मालकी एकाच घरात. एदमाँचा मुलगा बेंजामिन 2021 मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. सूत्रं त्याची पत्नी आरियान यांच्याकडे आहेत, आणि पुढच्या पिढीत चार मुली. मूळपुरुष मायर आम्शेलने मृत्युपत्रात लेकी आणि जावयांना धंद्यात बिलकूल शिरकाव देऊ नये असं बजावलं होतं. आज त्याचं आडनाव लावणारी एक बँक घरची सून चालवते आहे.

जाता जाता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘जगातल्या सगळ्या बँका रॉथशिल्डच्या’ या पुड्यांबद्दल. त्या ज्यूद्वेषातून निघालेल्या आहेत, शिवाय हिशेबातही बसत नाहीत. 2023 अखेर एकटी यूबीएस ही स्विस बँक साडेपाच लाख कोटी डॉलरहून अधिक संपत्ती सांभाळत होती. तिच्यापुढे दोन्ही रॉथशिल्ड मिळून चिमुकल्या आहेत.

मराठी वाचकाची गाठ पडलीच तर बहुधा ‘रॉथशिल्ड अँड को’शी पडेल. 2007 मध्ये टाटा स्टीलने ‘कोरस’ ही अँग्लो-डच पोलाद कंपनी लिलावात घेतली, तेव्हा टाटांच्या सल्लागारांत एन. एम. रॉथशिल्ड होती, आणि ‘रॉथशिल्ड अँड को’चं कार्यालय मुंबईत आहे. जिनिव्हाच्या दारात जायला मात्र आधी सांभाळण्याजोगी संपत्ती लागते.