‘लाइव्ह’ या शब्दाची साक्ष : हेवी मेटलच्या व्हिडिओ कॅसेटची पार्श्वभूमी

डोंबिवलीत मित्राच्या घरी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ ही मैफल पहिल्यांदा पाहिली, ती कॅसेट कितवी प्रत होती हे कोणालाच सांगता येत नव्हतं. लाल रंग कडेने ओघळायचा, गिटारवाल्यांच्या केसांभोवती पांढरी किनार यायची आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून चित्र स्थिर करणारी ट्रॅकिंगची चकती फिरवायचा. पुढे मित्राच्या मामांनी अमेरिकेहून खरी कॅसेट पाठवली. ती लावली तर चित्र पडद्यावर सारखं वर सरकत राहिलं आणि गायकाचा आवाज जडावल्यासारखा येऊ लागला. तिकडची टीव्हीची पद्धत एनटीएससी, आपली पाल. अस्सल कॅसेट हातात असून आम्ही पुन्हा जुनी ओघळलेली प्रतच लावली आणि शेवटपर्यंत पाहिली.

आज मेटलच्या जुन्या व्हिडिओंची नवी आवृत्ती आली की चाहते दोन प्रश्न आधी विचारतात. काय कापलंय? आणि काय दुरुस्त केलंय? बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटतो. पण या प्रश्नांमागे जवळपास पन्नास वर्षांचा अनुभव आहे आणि तो व्हिडिओपासून नाही, त्याच्या आधीच्या ध्वनिमुद्रिकांपासून सुरू होतो.

सत्तरच्या दशकात ‘लाइव्ह अल्बम’ ही रॉक बँडची मोठी परीक्षा होती. स्टुडिओत दहा वेळा वाजवून एक चांगला घेता येतो, मंचावर एकदाच संधी. म्हणूनच लाइव्ह अल्बमला मान होता आणि म्हणूनच त्यात हात मारण्याचा मोहही होता. किस या बँडच्या १९७५च्या ‘अलाइव्ह!’मध्ये बराच भाग नंतर स्टुडिओत भरला गेला, हे पुढे उघडपणे मान्य झालं. जुडास प्रीस्टचा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ १९७९च्या फेब्रुवारीत टोकियोत ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी बाजारात आला. त्यातलं गायन गायक रॉब हॅलफर्डने नंतर स्टुडिओत पुन्हा केलं होतं. चाहत्यांनी त्याला ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ असं नावच पाडलं. मला तो अल्बम आजही प्रिय आहे, त्यातली गिटार अंगावर येते. पण ‘लाइव्ह’ या शब्दावरचा विश्वास तिथे थोडा उसवला, हे नाकारता येत नाही.

कॅमेरा आला आणि हा हिशेब बदलला. ध्वनिमुद्रिकेत चुकलेली ओळ गुपचूप बदलता येते. चित्रात गायकाचे ओठ दिसतात, गिटारवाल्याची बोटं दिसतात. फेरफार तिथेही करता येतो, पण तो पकडला जातो. व्हिडिओने लाइव्ह अल्बमला साक्षीदार मिळवून दिला आणि माझ्या मते मेटलच्या घरगुती व्हिडिओचं मोल याच एका गोष्टीत आहे.

मेडनचा पहिला व्हिडिओच याचं उत्तम उदाहरण. २१ डिसेंबर १९८० रोजी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांचा कार्यक्रम चित्रित झाला आणि १९८१मध्ये त्यातली सात गाणी, जेमतेम अर्धा तास, व्हिडिओवर आली. गायक होता पॉल डिआनो. गिटारवादक एड्रियन स्मिथ बँडमध्ये नुकताच आला होता. त्यात ‘किलर्स’ हे गाणं आहे, पण शब्द वेगळेच! त्याच नावाचा अल्बम फेब्रुवारी १९८१मध्ये आला. डिसेंबरच्या त्या रात्री गाण्याचे शब्द पक्के झालेलेच नव्हते. अल्बम पाठ असलेला चाहता हा व्हिडिओ पाहताना सोबत गायला लागतो आणि दुसऱ्याच ओळीला अडखळतो. ‘नंतर नीट करू’ म्हणून कोणी त्यावर अल्बमचे शब्द चढवले नाहीत. गाणं घडताना कसं होतं, ते त्या अर्ध्या तासात जपलं गेलं.

मग प्रश्न उरला आवाजाचा, आणि तो मोठा होता. सुरुवातीच्या व्हीएचएसमध्ये, म्हणजे घरोघरी चालणाऱ्या व्हिडिओ कॅसेटच्या पद्धतीत, आवाज टेपच्या कडेच्या एका अरुंद पट्टीवर नोंदला जायचा. पालमध्ये टेप सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे २३ मिलिमीटर. आपली साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४७ मिलिमीटरहून जास्त वेगाने फिरते. म्हणजे तीस-चाळीस रुपयांच्या कॅसेटवर जो आवाज यायचा, त्याहून निकृष्ट आवाज हजारोंच्या व्हीसीआरमधून यायचा. हेवी मेटलचं सगळं बळ झांजांच्या चकाकीत आणि बासच्या तळात. ती दोन्ही टोकंच या पट्टीवर बोथट होत. १९८३-८४च्या सुमाराला आधी बीटामॅक्स या प्रतिस्पर्धी पद्धतीत आणि लगेच व्हीएचएसमध्ये हाय-फाय ध्वनी आला. यात आवाज फिरत्या ड्रमवरच्या हेडने, चित्राच्याच तिरक्या रेघांमध्ये नोंदला जातो. टेप संथच सरकते, पण हेड आणि टेप यांच्यातला सापेक्ष वेग सेकंदाला जवळपास पाच मीटर होतो. एकदम सीडीच्या जवळ जाणारा आवाज. मैफलीचा व्हिडिओ ‘ऐकायची’ वस्तू झाला तो इथे.

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ नेमका याच वळणावर आला. ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमच्या दौऱ्याची सुरुवात ऑगस्ट १९८४मध्ये पोलंडमध्ये झाली. पोलादी पडद्याआडच्या त्या प्रवासाचा वेगळा छोटा माहितीपटही निघाला. जुलै १९८५पर्यंत दौरा चालला. या मधल्या काळात, १४ ते १७ मार्च १९८५ या चार रात्रींत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरेनामध्ये चित्रण झालं. दिग्दर्शक जिम युकिच, ध्वनीची बाजू मार्टिन बर्चकडे. चर्चिलच्या भाषणाने सुरुवात, त्यावर ‘एसेस हाय’. ‘पॉवरस्लेव्ह’ गाण्यात डिआनोनंतरचा गायक ब्रूस डिकिन्सन पिसांचा मुखवटा घालून उभा आणि शेवटी ड्रम्सच्या मागून उठणारा एडी या बँडच्या बोधचिन्हाचा प्रचंड ममी-अवतार. इजिप्तचा तो सगळा थाट अनेकांना लक्षात राहतो. मला लक्षात राहतात बासवादक स्टीव्ह हॅरिसची बोटं. पिक न वापरता दोन-तीन बोटांनी बासच्या तारांवर ती घोडदौड कशी उठते, हे अल्बम हजार वेळा ऐकूनही कळलं नव्हतं. त्या ओघळत्या कॅसेटवर एका क्लोजअपमध्ये कळलं.

या प्रकाशनात ‘काय कापलंय’ या प्रश्नाचंही मूळ आहे. याच नावाच्या दुहेरी एलपीच्या तीन बाजूंवर लाँग बीच आणि चौथ्या बाजूवर ऑक्टोबर १९८४मधल्या लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची पाच गाणी होती. सीडी निघाली तेव्हा एका चकतीत एवढं मावत नव्हतं, म्हणून चौथी बाजू सरळ गाळली. म्हणजे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ नाही, ‘चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड’ नाही. १९९८मध्ये दोन सीडींची आवृत्ती निघाली तेव्हा ती परत आली. तेरा वर्षं सीडीवाल्या चाहत्याकडे एलपीवाल्यापेक्षा कमी अल्बम होता. नवी आवृत्ती म्हणजे जास्तच असणार, असं मेटलचा चाहता गृहीत धरत नाही, त्याचं कारण असल्या अनुभवांत आहे.

दोन वर्षांनी दुसऱ्याच दिशेने एक व्हिडिओ आला आणि माझ्या मते मेटलच्या इतिहासातला तो सगळ्यात सच्चा आहे. २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये मेटॅलिका या अमेरिकन बँडची बस उलटली आणि बासवादक क्लिफ बर्टन गेला. वय २४. तोपर्यंत मेटॅलिकाने एकही म्युझिक व्हिडिओ केलेला नव्हता, आणि पहिला यायला १९८९ उजाडलं. त्यामुळे क्लिफचं चांगलं, रीतसर चित्रण फारसं नव्हतंच. मग १९८७मध्ये ‘क्लिफ ’एम ऑल’ निघाला तो बराचसा चाहत्यांनी प्रेक्षकांतून चोरून केलेल्या चित्रणावर. हलणारा कॅमेरा, मधेच पुढच्या माणसाचं डोकं, फाटका आवाज. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘द स्टोन’ या क्लबमधलं मार्च १९८३चं चित्रण त्यात आहे. क्लिफ नुकताच बँडमध्ये आलेला आणि गिटारवादक डेव्ह मस्टेन अजून बँडमधून गेलेला नव्हता. बेल-बॉटम पँट घातलेला क्लिफ मान खाली टाकून वाजवतोय, केसांआड चेहरा दिसत नाही, आणि बासचा आवाज एखाद्या पिसाळलेल्या गिटारसारखा येतोय. स्टुडिओत यातलं काहीही दुरुस्त करता आलं नसतं आणि करूही नये. ज्या लपवाछपवीच्या चित्रणाला कंपन्या चोरी म्हणत, त्याच चित्रणामुळे एका वादकाची आठवण उरली. बँडने ते ओळखलं, अधिकृत केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी कायम आदर वाटत आला आहे.

याच सुमाराचा मेडनचा ‘मेडन इंग्लंड’ मात्र काळजीपूर्वक घडवलेला. बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहात २७ आणि २८ नोव्हेंबर १९८८ला चित्रण झालं. दिग्दर्शन आणि संकलन खुद्द स्टीव्ह हॅरिसचं. सभागृहातल्या चाहत्याला जसं दिसतं तसं दाखवायचं, ही त्याची भूमिका. तो पेशाने संकलक नव्हता, ते काही ठिकाणी दिसतं. पण गाण्यात एकल गिटार सुरू झाली की कॅमेरा वाजवणाऱ्याकडेच जातो, गर्दीतल्या एखाद्या मुलीकडे नाही. मेटलच्या चाहत्याला यापेक्षा जास्त काय हवं? एड्रियन स्मिथ १९९०मध्ये बाहेर पडला, त्यामुळे त्या काळातल्या पाच जणांचा हा शेवटचा मोठा दस्तऐवज ठरला. आणि यातही कात्री होतीच. १९८९च्या कॅसेटवर शेवटची तीन गाणी नव्हती. ‘रन टु द हिल्स’, ‘रनिंग फ्री’ आणि ‘सँक्चुअरी’ लोकांना पाहायला मिळाली ती २०१३च्या डीव्हीडीवर. मधल्या काळात, १९९४मध्ये, कॅसेटसोबत सीडी निघाली, तीत जागेअभावी दोन गाणी कमी. एकच मैफल, तीन आवृत्त्या, तीन वेगवेगळ्या याद्या. ज्याच्या कपाटात तिन्ही आहेत त्याला वेडा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे हे सगळं पोचायचं ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. १९९१नंतर स्टारच्या उपग्रहावरून एमटीव्ही घरात आला, तेव्हा चार मिनिटांचे म्युझिक व्हिडिओ दिसू लागले. पूर्ण मैफल मात्र कॅसेटवरच. अल्बम काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये शोधायचा; ते दुकान २०१६मध्ये बंद झालं तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मंचावरचं मेटल प्रत्यक्ष ऐकायचं तर धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव. आपली पोरं तिथे मेडनची, मेटॅलिकाची गाणी वाजवत, ती बरीचशी अशाच कॅसेटींवर बोटं पाहून शिकलेली. परदेशी बँड इथे क्वचितच येत, म्हणून व्हिडिओ आमच्यासाठी अल्बमची पुरवणी नव्हता. मैफल म्हणजे तोच.

डीव्हीडी आली, कोणती चकती कुठल्या देशात चालेल हे ठरवणाऱ्या संकेतांक पद्धतीत भारत पाचव्या प्रदेशात गेला, पण संगीताच्या बहुतेक चकत्या सुदैवाने कुठेही चालत. चित्र स्वच्छ झालं, आवाज पाच बाजूंनी येऊ लागला. सगळंच सुधारलं असं मात्र नाही. १९ जानेवारी २००१ला रिओमध्ये सुमारे अडीच लाख लोकांसमोर झालेली मेडनची मैफल आवाजात अप्रतिम आहे, पण चित्र इतकं भराभर बदलतं की नजर कुठे ठरतच नाही. बोटं पाहायला बसलेल्याच्या हाती काही लागत नाही.

२००७च्या मार्चमध्ये मेडन बंगळुरूला आले, भारतात पहिल्यांदाच. आणि १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. हा एका जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम होता आणि मंच होता ‘पॉवरस्लेव्ह’च्या काळातला, ममीसकट, पुन्हा उभारलेला. मी त्या मैदानात होतो. दिवे मालवले, चर्चिलचा आवाज आला आणि आजूबाजूचे हजारो लोक ते भाषण शब्दन्‌शब्द त्याच्यासोबत म्हणू लागले. ते कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. ते त्या ओघळत्या कॅसेटींनी पाठ करून घेतलं होतं.

या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन या कॅनडाच्या जोडीने ‘फ्लाइट 666’ हा माहितीपट केला. गायक डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवतोय आणि ४५ दिवसांत सुमारे ५०,००० मैलांचा प्रवास. सोबतच्या मैफलीच्या चकतीत गाणी वेगवेगळ्या शहरांतली आहेत आणि पहिलं गाणं, ‘एसेस हाय’, मुंबईचं.

आमच्या त्या कार्यक्रमानंतर तीनच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ पहिल्यांदा डीव्हीडीवर आला. माझ्या हाती पडायला काही महिने गेले. लाल रंग लालच दिसत होता, किनार नव्हती, ट्रॅकिंगसाठी उठावं लागत नव्हतं. आता ही आणि ‘फ्लाइट 666’ची, दोन्ही चकत्या शेजारी ठेवल्या आहेत. लाँग बीचचा ‘एसेस हाय’ लावतो : डिकिन्सन २६ वर्षांचा, सात महिने दौऱ्यावर, आवाज वरच्या पट्टीत घासला जातोय आणि ते लपवलेलं नाही. मग मुंबईचा लावतो : तोच ४९ वर्षांचा, दौऱ्याची पहिली रात्र. कॅमेरा गर्दीवरून फिरला की मी अजूनही थांबवून डावीकडच्या रांगा न्याहाळतो.