चाच्यांची खंडणी आणि सरकारी तिजोरी

मे २०११मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने दोन सोमाली चाच्यांना प्रत्येकी ४३९ वर्षांची शिक्षा सुनावली. ‘अलाक्राना’ ही ट्यूना पकडणारी बोट आणि तिच्यावरचे ३६ जण त्यांच्या टोळीने २००९मध्ये ४७ दिवस ओलीस ठेवले होते. शिक्षेचा आकडा बातम्यांत गाजला. निकालपत्रातला जास्त महत्त्वाचा भाग मात्र पुढे होता: खंडणी बोटीच्या मालकाने भरली नसून स्पॅनिश सरकारशी संबंधित सार्वजनिक संस्थांनी भरली, असं न्यायालयाने नोंदवलं. आपण पैसे दिलेच नाहीत, हे सरकारचं म्हणणं तरीही कायम राहिलं.

चाच्यांनी पळवलेल्या नागरिकांसाठी जनतेचा पैसा वापरावा का, हा वाद सोमालियामुळे नव्याने पेटला, पण तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ७५च्या सुमारास तरुण ज्युलिअस सीझर किलिकियाच्या चाच्यांच्या हाती सापडला. त्यांनी २० टॅलेंट (चांदी मोजायचं तेव्हाचं मोठं एकक) मागितले, तेव्हा ‘माझी किंमत ५० आहे’ असं त्याने सुनावलं, ही गोष्ट सगळेच सांगतात. ते ५० टॅलेंट आले कुठून, हे क्वचितच कुणी सांगतं. ते आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या नगरांनी आपल्या सार्वजनिक निधीतून दिले होते. त्याच जहाजावरच्या एखाद्या साध्या खलाशासाठी ही नगरं पुढे आली असती, असं मला वाटत नाही. या साऱ्या इतिहासात ‘सरकारने पैसे द्यावेत का’ या प्रश्नामागे ‘कुणासाठी’ हा दुसरा प्रश्न सतत उभा आहे.

मराठीत ‘खंडणी’ हा एकच शब्द दोन व्यवहारांना चालतो. दुबळ्या राज्याने बलवानाला दरसाल द्यायची रक्कम ही खंडणी, आणि पळवलेल्या माणसाच्या सुटकेसाठी मागितलेली रक्कम हीही खंडणीच. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोळाव्या ते अठराव्या शतकात हे दोन्ही व्यवहार खरोखरच एकमेकांत मिसळले होते. अल्जिअर्स, ट्युनिस, ट्रिपोली इथले सत्ताधीश युरोपीय राज्यांकडून वार्षिक रक्कम घेत, आणि जे देत नसत त्यांची जहाजं तिथले चाचे धरत. पकडलेली माणसं गुलाम होत. घरून पैसे आले तर सुटत.

सुटकेचं काम बराच काळ धर्मसंस्थांकडे होतं. ११९८ साली मान्यता मिळालेला ट्रिनिटेरियन हा ख्रिस्ती साधूंचा पंथ बंदिवानांच्या सुटकेसाठीच निघाला होता. १५७५मध्ये पकडला गेलेला स्पॅनिश लेखक सर्व्हान्टेस पाच वर्षांनी अल्जिअर्समधून सुटला तो याच पंथाच्या साधूंमुळे. १६२७मध्ये आइसलंडवर धाड पडली आणि सुमारे ४०० माणसं पळवली गेली. तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात वर्गणी गोळा झाली, वाटाघाटींना जवळजवळ दहा वर्षं लागली आणि मायदेशी परतले ते जेमतेम तिसेक. इंग्लंडच्या संसदेने १६४०च्या दशकात बंदिवानांच्या सुटकेसाठी व्यापारी मालावर वेगळा करच बसवला. १६४६मध्ये एडमंड केसन हा दूत अल्जिअर्सला गेला आणि त्याने सुमारे अडीचशे जणांना सोडवलं.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती हॅम्बुर्ग या जर्मन बंदराची वाट. तिथल्या कप्तानांनी आणि जहाजांवरच्या अधिकाऱ्यांनी १६२२मध्ये आपापसांत एक निधी उभारला. सामान्य खलाशांना त्यात जागा नव्हती. दोनच वर्षांनी, १६२४मध्ये, शहराने ‘स्क्लाव्हनकासं’, म्हणजे गुलामांची पेटी, सुरू केली. तिच्यात खलाशालाही हुद्द्याप्रमाणे वर्गणी भरावी लागे आणि ती सक्तीची होती. पकडला गेलास तर तुझी खंडणी पेटीतून जाईल, हा त्यामागचा करार. ल्यूबेकने १६२९मध्ये आणि डेन्मार्कने १७१५मध्ये हाच मार्ग धरला. पैसा आधी जमा होत असे आणि तो त्याच समुद्री व्यापारातून येत असे. त्यामुळे एखाद्याचं अपहरण झाल्यावर ‘याच्यासाठी द्यायचे का’ असा वाद घालायची वेळच सहसा येत नसे.

अमेरिकेकडे अशी पेटी नव्हती. स्वातंत्र्य मिळताच ब्रिटिश आरमाराचं छत्र गेलं आणि १७८५मध्ये अल्जिअर्सने तिची दोन जहाजं धरली. २१ माणसं अडकली. अल्जिअर्सची मागणी होती ५९,४९६ डॉलरची, म्हणजे माणशी २,८००हून अधिक. अमेरिकी दूताला मुभा होती माणशी २०० डॉलरची. अमेरिकेचे लंडनमधले राजदूत जॉन ॲडम्स आणि पॅरिसमधले राजदूत थॉमस जेफरसन यांच्यात यावरून झालेला पत्रव्यवहार आजही ताजा वाटतो. ॲडम्स यांचा हिशेब असा की युद्धाचा खर्च खंडणीपेक्षा कितीतरी मोठा, तेव्हा पैसे देऊन मोकळं व्हावं. जेफरसन यांचं म्हणणं असं की आज दिले तर उद्या पुन्हा द्यावे लागतील, त्यापेक्षा आरमार बांधावं.

पुढे जेफरसन यांनी ट्रिनिटेरियन साधूंमार्फत गुपचूप सौदा जमतो का ते पाहिलं. भाव उतरावा म्हणून सरकारला या कैद्यांत रस नाही असं मुद्दाम भासवलं. त्याची किंमत कैद्यांनी मोजली: आपल्या देशाने आपल्याला टाकून दिलं, असं त्यांना वाटत राहिलं, आणि खरं काय ते त्यांना सांगताही येत नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीत तो पंथच बंद पडला आणि सौदाही बुडाला. १७९३मध्ये आणखी ११ जहाजं गेली, शंभराहून जास्त माणसं अडकली. शेवटी १७९५च्या तहात अमेरिकेने ६,४२,५०० डॉलर आणि वर जहाजबांधणीच्या सामानाची वार्षिक खंडणी कबूल केली. पहिल्या तुकडीतले जे वाचले होते ते ११ वर्षांनी सुटले.

म्हणजे ॲडम्स यांची किंमतही मोजावी लागली आणि जेफरसन यांचीही, कारण युद्धनौका बांधायचा कायदा १७९४मध्ये झालाच होता. १८०१ ते १८०५ ट्रिपोलीशी युद्ध झालं, तरी त्याच्या शेवटी ‘फिलाडेल्फिया’ युद्धनौकेच्या तीनशेच्या आसपास बंदिवानांसाठी ६०,००० डॉलर द्यावे लागले.

पुढच्या काळात युरोपीय आरमारांनी उत्तर आफ्रिकेतला हा धंदा मोडला आणि प्रश्न मागे पडला. तो परत आला २००८च्या सुमारास, सोमालियाजवळच्या एडनच्या आखातात. तोवर समुद्री व्यापार विम्यावर चालू लागला होता. खंडणी जहाजमालक भरी, ती त्याला विमा कंपनीकडून परत मिळे, काही वेळा ती मालवाल्यांमध्येही वाटून घेतली जाई. लहान विमानातून नोटांची वॉटरप्रूफ थैली पॅराशूटने जहाजाजवळ सोडायची, अशी पद्धतच पडून गेली. अशी खंडणी देणं सार्वजनिक हिताविरुद्ध नाही, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केलं. जागतिक बँकेच्या २०१३च्या अंदाजानुसार २००५ ते २०१२ या काळात हॉर्न ऑफ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी गेली आणि तिचा ३० ते ५० टक्के वाटा चाचेगिरीत पैसा गुंतवणाऱ्यांच्या खिशात गेला.

या विम्यामुळेच सरकारांना ‘आम्ही खंडणी देत नाही’ असं ठणकावून सांगणं परवडलं. तत्त्व म्हणून ते चूक आहे असं मी म्हणत नाही; सरकारी तिजोरी मागे आहे हे कळलं की मागणी फुगते, हे अल्जिअर्सने दाखवलंच आहे. पण ब्रिटनचं एक दांपत्य ऑक्टोबर २००९मध्ये आपल्या शिडाच्या छोट्या होडीवरून पळवलं गेलं, तेव्हा त्यांच्यामागे ना कंपनी होती ना सरकार. ते ३८८ दिवसांनी सुटले, नातेवाइकांच्या धडपडीमुळे आणि परदेशी राहणाऱ्या सोमाली लोकांच्या मदतीमुळे. शिवाय २०१२नंतर काही वर्षं अपहरणं जवळजवळ थांबली ती कुणी खंडणी नाकारल्यामुळे नाही. जहाजांवर सशस्त्र रक्षक आले, अनेक देशांच्या युद्धनौकांची गस्त वाढली. त्या गस्तीचा खर्च जनतेच्याच पैशातून झाला, पण त्यावर कुणी तात्त्विक वाद घातला नाही.

‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजावरच्या भारतीय खलाशांनी या प्रश्नाची आणखी एक बाजू भोगली. एप्रिल २०११मध्ये खंडणी पोहोचली आणि जहाज सुटलं, पण चाच्यांनी सात भारतीयांना मागे ठेवून घेतलं. भारतीय नौदलाने पकडलेल्या आपल्या साथीदारांना सोडा, ही नवी मागणी होती. मालकाचा व्यवहार संपला होता आणि आता किंमत थेट देशाकडे मागितली जात होती. ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ला सुटले.

सर्वांत वाईट हाल झाले मालकाने वाऱ्यावर सोडलेल्यांचे. ‘आइसबर्ग वन’ हे जहाज मार्च २०१०मध्ये धरलं गेलं आणि त्यावरचे २२ जण डिसेंबर २०१२मध्ये सोमालियातल्या पुंटलँड प्रांताच्या सागरी पोलिसांनी सोडवले, तोवर सुमारे हजार दिवस गेले होते. ‘नाहाम थ्री’ या मासेमारी जहाजावर २९ जण होते: चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कंबोडियाचे. मार्च २०१२मध्ये जहाज पकडतानाच कप्तान मारला गेला. वर्षभराने जहाज बुडालं आणि उरलेल्यांना किनाऱ्यावर नेलं गेलं. तिथे त्यांनी उंदीर खाऊन दिवस काढले. दोघे आजारपणात गेले. संयुक्त राष्ट्रांसाठी काम केलेल्या एका निवृत्त ब्रिटिश कर्नलने वर्षानुवर्षं या सुटकेचा पाठपुरावा केला, वकिलांनी आणि वाटाघाटी करणाऱ्यांनी फी घेतली नाही. २२ ऑक्टोबर २०१६ला, साडेचार वर्षांहून अधिक काळानंतर, २६ जण बाहेर आले.