सायकलला घरीच मोटर बसवताना: ग्राहकांसाठी माहिती

किट घ्यायला आलेले बहुतेक जण आधी विचारतात, "किती स्पीडने पळेल?" आम्ही उलट विचारतो, आत्ता ब्रेक कसे लागतात? मोटर बसली की सायकल सहा-सात किलोंनी जड होते आणि सलग ताशी वीसच्या पुढे धावते. लालबाग-परळच्या गर्दीत ती थांबणं जास्त महत्त्वाचं.

जुनी रॉड ब्रेकवाली सायकल असेल तर आधी ब्रेक बदलावे लागतील. रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला लागतात, मोटर असलेल्या चाकाची ॲल्युमिनियमची रिम त्यांना चालत नाही. दुसऱ्या चाकाची स्टीलची रिमही बदलून घ्या. पावसात ओल्या स्टीलवर रबर धरत नाही.

पेट्रोल की बॅटरी

पेट्रोल इंजिनाचं किट आम्ही विकत नाही. २५ सीसीपेक्षा मोठं इंजिन लावलं की कायद्याने ती मोटार वाहन ठरते आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. बॅटरीच्या सायकलला सूट आहे: मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, वजन बॅटरी सोडून ६० किलोंच्या आत. मात्र हे पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहनं तपासणारी संस्था) मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं असावं लागतं. म्हणून कुठूनही किट घेतलंत तरी कागद मागून बघा. "हजार वॅटची मिळेल का?" याला आमचं उत्तर नाही असंच आहे.

आम्ही गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर, सुचवतो. ती हलकी असते, आणि बॅटरी संपली तरी चाक मोकळं फिरतं, पॅडल मारत घरी येता येतं. मुंबई बहुतेक सपाटच आहे. पेडर रोडच्या चढाला पायांची थोडी मदत द्या.

एक्सल: इथे घाई नको

मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढाच जोर एक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, उलटं फिरवायला बघतो. म्हणून एक्सलच्या दोन बाजू चपट्या असतात, त्या फ्रेमच्या खाचेत तळापर्यंत घट्ट बसल्या पाहिजेत. वॉशरचा दात खाचेच्या आत गेलाय का ते बोटाने चाचपून बघा, वरवर बसलेला दिसतो आणि बसलेला नसतो. एक्सल फिरला तर वायर पिळवटून तुटते. मोटर पुढच्या चाकात असेल तर चाकच निसटतं. यासाठी किटमध्ये टॉर्क आर्म म्हणजे पोलादी पट्टी दिली आहे, ती उरलेला भाग समजून डब्यात ठेवू नका. ॲल्युमिनियमच्या शॉकअपवाल्या फोर्कमध्ये पुढची मोटर बसवूच नका, तो वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो. पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा आवळा.

वायरी रंगाला रंग जोडा. बॅटरी सगळ्यात शेवटी लावा. लावताना बारीक ठिणगी उडते, ती कंट्रोलरमधल्या (मोटरला वीज सोडणारी डबी) कपॅसिटरची असते, घाबरू नका. पहिली चाचणी मोटरचं चाक जमिनीवरून उचलून घ्या. ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद झालीच पाहिजे. होत नसेल तर रस्त्यावर नेऊ नका.

बॅटरी

३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. पॅडल मारत चालवलीत तर साधारण ३० किमी, नुसत्या थ्रॉटलवर त्याहून बरीच कमी. २ अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.

सायकल जिन्याखाली ठेवून बॅटरी काढून वर नेता येते, चाळीत राहणाऱ्यांना हे सोयीचं. पण खोलीला एकच दार असेल तर दाराजवळ चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी पेटली तर आग झपाट्याने वाढते आणि बाहेर पडायची वाट तीच असते. गॅसपासून आणि गादीपासून लांब, फरशीवर, घरात कोणी जागं असताना लावा. चार्जर किटसोबतचाच वापरा: ही बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, जास्त व्होल्टचा चार्जर तिला धोक्यात घालतो. फुगलेली, पडून चेपलेली किंवा पाण्यात गेलेली बॅटरी चार्ज न करता आमच्याकडे आणा. घरी उघडू नका.

पावसाळा

२६ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३३ सेंटिमीटरवर असतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी त्याच्या जवळ आलं असेल तर उतरून दुसरा रस्ता धरा, कारण वायर बाहेर येते तिथूनच पाणी मोटरमध्ये शिरतं. एक्सलपाशी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. कनेक्टरची तोंडं खाली ठेवा. समुद्राच्या हवेने पिना हिरव्या पडतात, पावसाळ्याआधी पुसून ग्रीस लावून घ्या.

दुकानात येताना

सायकलच आणलीत तर उत्तम. नाहीतर रिमचा साइझ आणि चाक बसतं तिथल्या खाचांमधलं आतलं अंतर मोजून आणा (पुढे साधारण १०० मिमी, गिअरवाल्या सायकलला मागे बहुधा १३५). रोज किती किमी जाणार तेही सांगा, बॅटरी त्यावरून ठरते. जुनी झालेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आम्ही परत घेतो.