बेरीचा जांभळा रंग पोटात गेल्यावर

बेरीच्या रसाच्या डब्यावर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ अशा थाटाचे काहीतरी छापलेले असतेच. कल्पना अशी, की शरीरात फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी रेणू हिंडतात, बेरीतले रंगद्रव्य रक्तात शिरते आणि त्यांचा बंदोबस्त करते. परीक्षानळीत हे खरोखर घडते. कोणत्या पदार्थात ही ताकद किती, याचे ‘ओरॅक’ नावाचे कोष्टकच अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केले होते. 2012 मध्ये त्याच खात्याने ते मागे घेतले. नळीतल्या आकड्यांवरून शरीरात काय होईल ते सांगता येत नव्हते आणि जाहिरातवाले मात्र ते आकडे मिरवत होते.

मुळात हे रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, रक्तापर्यंत जसेच्या तसे फारसे पोचतच नाही. आम्लात ते लाल आणि बऱ्यापैकी टिकाऊ असते, त्यामुळे जठरातून निभावून जाते. लहान आतड्यात आम्लता संपली, की रेणूचे मधले कडे उघडते आणि रंग विटतो. त्याला जोडलेली साखर विकर (एन्झाइम) तोडून टाकतात, उरलेला रेणूही मोडतो. त्यातल्या एका तुकड्याचे नाव प्रोटोकॅटेच्युइक आम्ल. यकृत त्याला परका पाहुणा समजते. कुणाला मिथाइल गट चिकटव, कुणाला सल्फेट, असे करून मूत्रपिंडाकडे रवाना करते. (‘डिटॉक्स’ म्हणून बेरीचा रस विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावे: यकृत इथे बेरीचेच डिटॉक्स करत असते!) जे शोषले गेले नाही ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जाते आणि ते त्याचे आणखी बारीक तुकडे करतात.

हे तुकडे कुठे जातात ते 2013 मध्ये ब्रिटनमधल्या एका सुरेख प्रयोगात दिसले. आठ पुरुषांना 500 मिलिग्रॅम अँथोसायनिन दिले, पण त्यातले काही कार्बन अणू कार्बन-13 चे होते. हा कार्बन किरणोत्सारी नसतो, फक्त किंचित जड असतो, म्हणून त्याचा माग काढता येतो. सुमारे 5 टक्के कार्बन लघवीत सापडला आणि जवळजवळ 7 टक्के चक्क उच्छ्वासात, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात! रक्तात मूळ रंगद्रव्य नाममात्र, तुकडे मात्र कितीतरी पट जास्त.

मग काम करतात ते हे तुकडेच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना ब्लूबेरीचे पेय देऊन त्यांच्या दंडाची धमनी तपासली. हातावर पट्टा आवळून रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवायचा, मग पट्टा सैल करून धमनी किती फुगते ते अल्ट्रासाउंडवर मोजायचे. धमनीचा प्रतिसाद एक-दोन तासांनी सुधारला, ओसरला आणि सहाव्या तासाला पुन्हा सुधारला. रक्तातल्या तुकड्यांच्या चढउतारांशी हे जुळत होते. पहिली खेप लहान आतड्यातून, दुसरी बहुधा जिवाणूंकडून.

इथे थोडे रसायनशास्त्र सहन करा. एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचे विकर सुपरऑक्साइड नावाचे एक फ्री रॅडिकल तयार करते. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडचा फडशा पाडते आणि रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल पडायला सांगतो तो नायट्रिक ऑक्साइडच. ब्लूबेरीनंतर या विकराची क्रियाशीलता घटलेली दिसली. सांडलेले पाणी पुसत बसण्याऐवजी नळच बंद करावा, तसे हे. ‘फ्री रॅडिकल टिपणारे सैनिक’ ही प्रतिमा त्यापुढे फारच भाबडी वाटते.

साखरेचेही थोडे. पावासोबत बेरी खाल्ल्या तर जेवणानंतर कमी इन्शुलिन लागते, असे फिनलंडमधल्या चाचण्यांत आढळले. हा मधुमेहावरचा इलाज नव्हे, औषधे बंद करायचे कारण तर मुळीच नव्हे.

रास्पबेरी-स्ट्रॉबेरीतल्या एलॅजिटॅनिन नावाच्या मोठ्या रेणूंची तऱ्हा आणखी वेगळी. त्यापासून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात ते फक्त आतड्यातले ठरावीक जिवाणू. ते ज्यांच्याकडे नाहीत अशी दहातली साधारण एक व्यक्ती कितीही रास्पबेरी खावो, तिच्या शरीरात युरोलिथिन तयार होत नाही. म्हणून आता युरोलिथिनच थेट गोळीतून विकले जाते. सूक्ष्म कृमींचे आयुष्य त्याने वाढले हे खरे, पण माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आहेत आणि आयुष्य वाढल्याचे त्यांतल्या एकीनेही दाखवलेले नाही.