टर्बोचा दाब वाढवताना काय मोजावे

टर्बो पेट्रोल गाडीला टर्बोचा दाब (बूस्ट) हाताने वाढवू देणारा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर बसवणे हे तासाभराचे काम आहे: धातूची एक छोटी झडप, थोडा होज आणि काही क्लिपा. काम इतके सोपे असल्यामुळेच त्यामागचे शास्त्र आधी समजून घेतले पाहिजे, कारण त्या झडपेचा स्क्रू फिरवल्यावर इंजिनात हवेचा दाब ही एकच गोष्ट बदलते, आणि तिच्या जोडीने बदलायला हव्यात अशा बाकीच्या गोष्टी आपोआप बदलतीलच याची काहीही हमी नसते.

स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेली मूळ कल्पना आजही तीच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चाक (टर्बाइन) फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक (कॉम्प्रेसर) बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दाब वाढतच जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. तिच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये, म्हणजे ती उघडणाऱ्या यंत्रणेत, पडदा आणि स्प्रिंग असते. टर्बोचा दाब होजमधून पडद्यावर येतो, स्प्रिंगवर मात करतो, वेस्टगेट उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. बूस्ट कंट्रोलर याच होजमध्ये बसतो व पडद्यापर्यंत पोहोचणारा दाब कमी करतो किंवा अडवून ठेवतो, त्यामुळे वेस्टगेट उशिरा उघडते. म्हणजेच त्याने बूस्ट वाढवता येतो. स्प्रिंगने ठरवलेल्या पातळीखाली तो कधीही आणता येत नाही.

आता थोडे गणित. गेजवर ०.६ बार दिसत असलेला बूस्ट ०.८ बार केला, तर दाब एक तृतीयांशाने वाढला असे वाटते. पण गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवते. ठाणे समुद्रसपाटीलगत असल्यामुळे येथे वातावरणाचा दाब सुमारे १ बार धरता येतो, म्हणून इंजिनाच्या दृष्टीने ही वाढ १.६ वरून १.८ बार, म्हणजे साडेबारा टक्के आहे. तापमान तेच राहिले, तर हवाही तेवढीच जास्त जाईल. तापमान मात्र तेच राहत नाही. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम होते, तसेच येथे घडते. बाहेर ३५ अंश असताना ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा ०.६ बारला साधारण ९८ अंशांवर, तर ०.८ बारला साधारण ११५ अंशांवर पोहोचते. ही उष्णता घालवणे हे इंटरकूलरचे काम, आणि त्याला वाहती हवा लागते. घोडबंदर रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी कोंडीत रखडलेल्या गाडीचा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. रस्ता मोकळा होताच पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, तो क्षण इंजिनासाठी सर्वांत वाईट असतो.

कारण हवा-इंधनाच्या गरम, दाबलेल्या मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटू शकतो. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि जोराचे नॉकिंग पिस्टन फोडू शकते. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधील इथेनॉल नॉकिंगला अधिक विरोध करते, ही जमेची बाजू आहे; पण इथेनॉलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा कमी असल्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरांना जास्त इंधन सोडावे लागते, आणि बूस्ट वाढवल्यावर त्यांची मर्यादा लवकर गाठली जाते. ती गाठली की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, व नॉकिंगचा धोका वाढतो.

म्हणून कंट्रोलरआधी बूस्ट गेज आणि हवा-इंधन प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मूळ बूस्ट नोंदवून स्क्रू सर्वांत कमी दाबावर ठेवावा, आणि प्रत्येक वेळी जेमतेम ०.०५ बार वाढवून डायनोवर (गाडी जागेवरच ठेवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण भार देऊन पाहावे. नवी मुंबईतला पाम बीच रस्ता ही चाचणीची जागा नव्हे. मिश्रण पातळ होऊ लागले, नॉकिंग दिसले किंवा ईसीयूने (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाने) इंधन तोडले, तर मागे यावे. हा कंट्रोलर तापमान ओळखत नाही. डिसेंबरच्या पहाटे निर्धोक वाटलेला दाब मे महिन्यात निर्धोक असेलच असे नाही, म्हणून तो उन्हाळ्यासाठीच ठरवावा.

ज्या गाडीत वेस्टगेट विजेच्या मोटरने चालते, तिथे हा कंट्रोलर निरुपयोगी आहे. ईसीयू स्वतः बूस्टवर लक्ष ठेवत असेल, तर जादा दाब दिसताच तो गाडीची ताकद कमी करतो. वॉरंटीचा प्रश्न येतोच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध आहेत. विमा कंपनी आणि आरटीओकडे आधी चौकशी करावी.

एवढे करूनही एक धोका उरतो. अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा होज निसटला किंवा चिरला, तर पडद्यावर दाबच पोहोचत नाही, वेस्टगेट बंद राहते आणि बूस्ट बेलगाम वाढतो. बॉनेटखालच्या उष्णतेने आणि तेलाने रबर खराब होत जाते. त्यामुळे होज शक्य तितका आखूड, सिलिकॉनचा आणि दोन्ही टोकांना क्लिप लावलेला असावा, दर ऑइल बदलीच्या वेळी तो हाताने वाकवून पाहावा, आणि गॅरेजमधून गाडी परत आली की पहिल्या फेरीत अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत गेजचा काटा नेहमीच्या जागी थांबतो का, हे पाहावे.