सुवार्तावाद आणि समकालीन वाद : सोलापूर

सोलापूर शहर व परिसरातील मराठीभाषक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधला शास्त्रनिष्ठ, वैयक्तिक परिवर्तनावर भर देणारा विचारप्रवाह, तसेच उपासना, आत्मिक दाने (पवित्र आत्म्याकडून मिळतात असे मानलेल्या देणग्या), बाप्तिस्मा, विवाह, जात व धर्मांतर या प्रश्नांवरील त्याच्या भूमिका. पवित्र शास्त्राचा अंतिम अधिकार, वधस्तंभावरील बलिदानातून लाभणारे तारण, नवा जन्म आणि सुवार्ताप्रसार ही या प्रवाहाची चार लक्षणे इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये मांडली. ती आता बहुतेक अभ्यासक गृहीत धरतात.

उगम : अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले, १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्यांचे केंद्र उभे राहिले. सोलापुरात लोहमार्ग १८६० मध्ये पोहोचला. त्यानंतर थोड्याच काळात, बहुधा १८६०–६५ च्या दरम्यान, चार्ल्स हार्डिंग यांच्या कार्यातून येथील केंद्र स्थिरावले. या मिशनची घडण काँग्रिगेशनल होती. बिशप नसे, निर्णय सभासदांची सभा घेई. पुढे १९२४ मध्ये या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. आपल्या मंडळीचे आपण ठरवावे ही जुनी सवय मात्र बिशपांच्या व्यवस्थेतही टिकली. नंतरचे वाद समजून घेताना ती ध्यानात ठेवावी लागते.

उपासना : पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने कीर्तन-अभंगाचा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात अहमदनगरला १८६० च्या दशकात झाली असे सामान्यतः मानतात व कृष्णराव सांगळे यांना तिचे श्रेय देतात. कीर्तनकार पूर्वरंगात शास्त्रवचन घेऊन सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा लावतो. पुत्र डुकरांपाशी उपाशी बसतो तेथे पेटी थांबते, टाळ थांबतात आणि ‘मी उठून आपल्या बापाकडे जाईन’ हे पद मागे बसलेले साथीदार उचलतात. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांनी ही वाट रुंद केली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाद्वारे ती घरोघरी पोहोचली. काही नव्या सहभागितांना (जुन्या मंडळ्यांबाहेरच्या प्रार्थनागटांना) हा बाज मूर्तिपूजक परंपरेशी तडजोड वाटतो व त्या गिटार, कीबोर्डवरील स्तुतिगीते पसंत करतात. आक्षेप प्रामाणिक आहे. पण पाश्चात्त्य चालीही कुठल्या तरी संस्कृतीतूनच आलेल्या असतात, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

अन्य भाषा व पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा : प्रार्थनेत न शिकलेल्या ‘अन्य भाषा’ बोलणे हे पवित्र आत्म्याने भरले जाण्याचे, म्हणजे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे, चिन्ह आहे का, या वादाचे एक मूळ सोलापूरच्याच लोहमार्गावर आहे. पुणे–सोलापूर मार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ च्या अखेरीस संजीवन (सामूहिक आत्मिक जागृती) सुरू झाले. मुली रडत पापकबुली देत, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत. आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर व अन्य भाषांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ सहसा टोपेका (१९०१) किंवा लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट (एप्रिल १९०६) येथे धरतात. केडगावचे संजीवन अझुसाच्या आधीचे असल्याने काही लेखक चळवळीचे जन्मस्थान भारतात शोधतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. संजीवनाचा काळ निश्चित आहे. केडगावात अन्य भाषा बोलल्या गेल्याची विश्वसनीय वर्णने मात्र मुख्यतः १९०६ च्या उत्तरार्धापासूनची दिसतात. त्यामुळे अग्रमानाचा दावा सरसकट करता येत नाही, तसेच केडगाव ही अझुसाची शाखा होती असेही म्हणता येत नाही. चळवळ एकाच काळात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली, हे ॲलन अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांची आत्म्याच्या बाप्तिस्म्यावरील पुस्तिका १९०६ मध्ये निघाली आणि तिच्यामुळे चिली येथील मेथडिस्टांपर्यंत हे लोण गेले. सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे अनिवार्य चिन्ह आहे असे रमाबाईंनी मानले नाही. आज ‘भाषा आली का?’ असा प्रश्न तरुणांना विचारणाऱ्यांनी हा जवळचा पुरावा दुर्लक्षिलेला आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्यायही ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ असे विचारून त्याच दिशेने जातो.

चंगाई सभांचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठीच्या सभांचा, प्रश्न याला लागून येतो. जुन्या मंडळ्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात आणि त्याला दवाखान्यातही नेतात. मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय (१८९४) याच मिशनरी परंपरेचे. औषध सोडणे म्हणजे विश्वास, ही शिकवण शास्त्राला धरून नाही. विश्वासाने धनलाभ होतो या ‘समृद्धीच्या सुवार्ते’चा जागतिक सुवार्तावादी परिषदेच्या २०१० च्या केपटाउन वचनबद्धतेत स्पष्ट निषेध आहे.

बाप्तिस्मा : चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा व विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. लहानपणी डोक्यावर पाणी घेतलेला तरुण एखाद्या नव्या सहभागितेत जातो, तेथे बुडवून बाप्तिस्मा घेण्यास त्याला सांगितले जाते आणि घरी आजी विचारते, ‘मग पाळकसाहेबांनी दिला तो काय होता?’ जुन्या मंडळ्या इफिसकरांस पत्रातील ‘एकच बाप्तिस्मा’ या वचनावर बोट ठेवतात.

विवाह व स्त्रियांची सेवा : ख्रिस्ती घटस्फोटाचा १८६९ चा कायदा २००१ मध्ये सुधारला गेला आणि परस्परसंमतीची तरतूद आली, पाळकांचा भर अजूनही समेटावर असतो. समलिंगी संबंधांबाबत २०१८ व २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतरही सुवार्तावादी भूमिका विवाह स्त्री-पुरुषांचाच अशी आहे. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यावर एकमत नाही. दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३ साली ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या.

जात व धर्मांतर : जागतिक सुवार्तावादी परिषदेच्या १९७४ च्या लोझान कराराने सामाजिक जबाबदारी ही सुवार्ताकार्याच्या जोडीची मानली, पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या (१९८३ पर्यंत यवतमाळ) संस्थांत हा विचार शिकवला जातो. तरीही व्यासपीठावरून ‘ख्रिस्तात जात नाही’ म्हणायचे आणि सोयरीक जमवताना मूळ जात पाहायची, ही विसंगती मंडळ्यांत आहे, आणि तिला बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरील वादाच्या निम्मेही लक्ष मिळालेले नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता; तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. परिणामी एकाच वस्तीतल्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध असलेल्यास अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती असलेल्यास मिळत नाही. काही सुवार्तावादी सवलत मागणे म्हणजे मंडळीत जात मान्य करणे समजतात. इतरांच्या मते अस्पृश्यतेचा अनुभव बाप्तिस्म्याने पुसला जात नाही, म्हणून मागणी न्याय्य आहे. दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली आणि २०२२ मध्ये हाच विषय के. जी. बालकृष्णन आयोगाकडे सोपवला गेला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, हा स्टॅनिस्लॉस खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय कायम आहे. त्यामुळे जाणते पाळक बाप्तिस्मा देण्यापूर्वी इच्छुकाला अनेक महिने शिकवतात व निर्णय त्याचा स्वतःचाच आहे याची खात्री करून घेतात.